टिंबाच्या उजवीकडचा शब्द कोणाचा?

दुवासाखळी

गेली अकरा वर्षं मी लोकांची डोमेन नावं, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते, सांभाळते. नोंदणी, रिन्यूअल, कोणी फसवं नाव घेतलं तर तक्रार, आणि आपल्यावर तक्रार आली तर उत्तर. या वर्षांत बदललेली एक गोष्ट, म्हणजे टिंबाच्या उजवीकडच्या शब्दाला (एक्स्टेन्शनला) आलेलं वजन, इथे मांडायची आहे, कारण ज्यांना तिचा फटका बसतो त्यांना ती बहुतेक वेळा फटका बसल्यावरच कळते.

गेल्या महिन्यातलं प्रकरण. मोजक्या स्वयंसेवकांवर चालणारी एक संस्था जुनी पाठ्यपुस्तकं स्कॅन करून मोफत वाचायला ठेवते. नाव म्हणजे शब्दकोशातला साधा शब्द. .कॉम मिळालं नाही म्हणून २०१९ मध्ये एका नव्या एक्स्टेन्शनमध्ये घेतलं. त्यांना वायपोकडून, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडून, ईमेल आलं. ते स्पॅममधून बाहेर निघेपर्यंत ११ दिवस गेले होते. मला फोन केला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "ही कोर्टाची नोटीस नाही ना? मग उत्तर नाही दिलं तर चालेल?" मी त्यांना ईमेलमधला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला. उत्तर द्यायला २० दिवस, नाही दिलं तर समोर आहेत त्या कागदांवर निर्णय. मग फोनवर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

कोर्टाची नोटीस नव्हती हे खरं, पण नाव जाऊ शकत होतं हेही तितकंच खरं. याचं कारण करारांची साखळी. आयकॅन, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणारी संस्था, रजिस्ट्रीशी (एकेक एक्स्टेन्शन चालवणाऱ्या कंपनीशी) करार करते, रजिस्ट्री रजिस्ट्रारशी (नावं विकणाऱ्या कंपनीशी), आणि रजिस्ट्रार आपल्याशी. नाव घेताना ज्या अटींपुढे आपण खूण करतो त्यात 'यूडीआरपी' हे डोमेन नावांचे वाद सोडवायचं १९९९ चं धोरण बसलेलं असतं. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे, तुम्हाला त्या नावावर हक्क किंवा रास्त हितसंबंध नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने नोंदवलं व वापरलं. तिन्ही दाखवता आल्या तर नाव त्याच्याकडे जातं. पैशांची भरपाई नाही, साक्षीदार नाहीत, समोरासमोर सुनावणी जवळपास कधीच नाही.

आता विस्ताराकडे येते. १९८०च्या दशकात .कॉम, .नेट, .ऑर्ग अशी मोजकी नावं होती. २००० आणि २००४ च्या फेऱ्यांनी थोडी भर घातली. मग आयकॅनच्या संचालक मंडळाने २० जून २०११ रोजी सिंगापूरच्या बैठकीत नव्या एक्स्टेन्शन्सना दार उघडलं. २०१२ मध्ये १,९३० अर्ज आले, प्रत्येकी फी १,८५,००० डॉलर. ऑक्टोबर २०१३ पासून नवी एक्स्टेन्शन्स प्रत्यक्षात सुरू झाली आणि त्यांची संख्या १,२०० च्या पुढे गेली. २०२६ च्या फेरीसाठी अर्जाची मुदत ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट अशी ठरली आणि फी २,२७,००० डॉलर. म्हणजे उजवीकडचे शब्द अजून वाढणार आहेत.

वकील मंडळी यावर बोलतात तेव्हा बहुतेक वेळा सायबरस्क्वॉटिंगबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचं नाव बळकावण्याबद्दल, बोलतात. मला वेगळंच दिसतं. पूर्वी तक्रारीचा निर्णय देणारं पॅनेल टिंबाच्या उजवीकडे बघतच नसे. .कॉम असो की .नेट, तो तांत्रिक भाग म्हणून बाजूला ठेवायचं आणि डावीकडचा शब्द ट्रेडमार्कशी ताडून बघायचं. आता उजवीकडच्या शब्दाला अर्थ आला आहे. २०१४ मध्ये कॅनियन या सायकल कंपनीने 'कॅनियन.बाइक' या नावावर तक्रार केली, तेव्हा '.बाइक' मुळे गोंधळ कमी होत नाही तर वाढतो, असं पॅनेलने धरलं. उजवीकडच्या शब्दाची पुराव्यात गणना झाली.

याची दुसरी बाजू लोक विसरतात. ट्रेडमार्क देशागणिक आणि मालाच्या वर्गागणिक मिळतो. साबणाचा आणि ट्रॅक्टरचा मालक एकच शब्द बिनतक्रार वापरू शकतात. .कॉममध्ये मात्र तो शब्द एकालाच. उजवीकडचा शब्द तुमचं काम नेमकं सांगत असेल आणि ते काम तक्रारदाराच्या धंद्याहून वेगळं असेल, तर तोच तुमची ढाल होतो. त्या संस्थेच्या उत्तरात मी हेच पहिलं लिहिलं. सोबत २०१९ मध्ये चढवलेल्या पहिल्या पुस्तकांची यादी तारखांसकट जोडली. एकोणिसाव्या दिवशी उत्तर गेलं. निर्णय अजून यायचा आहे.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः नवी एक्स्टेन्शन्स वापरणाऱ्यांचे.

पारवा

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. माझा अनुभव ट्रेडमार्कचा नाही, पैशाचा आहे.

पक्ष्यांच्या आवाजांचं एक छोटं संकेतस्थळ मी चालवतो. पाच वर्षांपूर्वी चार अक्षरांचं सुंदर नाव मिळालं, पहिल्या वर्षाला १२ डॉलर. नंतरही थोड्याफार फरकाने तेवढंच. या वर्षी रिन्यूअलचं बिल आलं ३४० डॉलरचं. वाटलं टिंब चुकलं असेल. विचारलं तर रजिस्ट्रारचं उत्तर दोन ओळींचं: रजिस्ट्रीने हे नाव प्रीमियम गटात टाकलं आहे, आमच्या हातात काही नाही. रात्रभर झोप नाही. सहाशेहून जास्त ध्वनिमुद्रणं, शाळांच्या पानांवर त्यांचे दुवे, सगळं या एका नावावर. नाव सोडलं तर दुसऱ्या दिवशी तिथे जुगाराची जाहिरात दिसेल.

हे कायदेशीर आहे का?

शाईपेन

दुवासाखळी, लेख चांगला आहे, पण कंपन्यांची बाजू अपुरी आली. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत ट्रेडमार्क बघतो. २०१३ नंतर आमचं काम किती वाढलं ते सांगतो.

दर नव्या एक्स्टेन्शनसोबत 'सनराइज'चा काळ असतो, किमान ३० दिवसांचा. तेव्हा ट्रेडमार्कवाल्यांनी आधी नाव घ्यायचं. त्यासाठी ट्रेडमार्क क्लिअरिंगहाउस या ट्रेडमार्कच्या सामायिक नोंदवहीत नोंद हवी, तिची फी वेगळी. हजार दारं उघडल्यावर प्रत्येक दारावर कुलूप लावायचं तरी कसं? घेतलेल्या नावांतली बहुसंख्य आम्ही कधीच वापरणार नाही. ती फक्त दुसऱ्याच्या हाती जाऊ नयेत म्हणून धरून ठेवलेली. '.सक्स' सुरू झालं तेव्हा सनराइजमध्ये एका नावाला वर्षाला १,९९९ डॉलर मागत होते. आपल्याच नावापुढे शिवी लागू नये म्हणून पैसे मोजायचे. ही गोष्ट इतकी खटकली की २०१५ मध्ये आयकॅनने स्वतः अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला आणि कॅनडाच्या ग्राहक विभागाला पत्र लिहून विचारलं, यात बेकायदेशीर काही आहे का ते बघा.

आणि बनावट नावं काही कल्पनेतली नाहीत. एकट्या वायपोकडे २०२३ मध्ये ६,१९२ यूडीआरपी तक्रारी आल्या, तो तोवरचा उच्चांक. आमच्या नावाने पगाराची खोटी पत्रं पाठवणारं एक नाव मी स्वतः बंद करून घेतलं. एका उमेदवाराने त्या पत्रावर विसंबून आधीची नोकरी सोडली होती. त्याच्याशी फोनवर बोलणं हे माझ्या कामातलं सगळ्यात जड बोलणं होतं. तेव्हा 'लहान माणूस विरुद्ध मोठी कंपनी' एवढंच चित्र रंगवू नका.

दुवासाखळी

शाईपेन, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. फसवणुकीची नावं बंद व्हायलाच हवीत, आणि त्यासाठी नव्या एक्स्टेन्शन्सना यूआरएस हा जलद मार्गही दिला आहे. त्यात पुरावा अधिक स्पष्ट लागतो, नाव फक्त स्थगित होतं, हस्तांतरित होत नाही. मात्र उत्तराला मुदत १४ दिवसांचीच, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा.

क्लिअरिंगहाउसबद्दल माझी एक तक्रार आहे. तिथे 'हॉटेल', 'क्लाउड' असे रोजचे शब्दही नोंदवलेले आहेत, कारण कुठल्या ना कुठल्या देशात कुठल्या ना कुठल्या मालासाठी तो शब्द कोणाचा तरी ट्रेडमार्क असतो. सुरुवातीच्या ९० दिवसांत असा शब्द नोंदवायला गेलं की समोर इशारा येतो: हा शब्द अमुकचा ट्रेडमार्क आहे. प्रामाणिक माणूस तो वाचून घाबरतो आणि मागे फिरतो, आणि ज्याला फसवायचंच आहे तो बिनदिक्कत 'पुढे जा' दाबतो. वर्गाचं भान नसलेला इशारा असाच उलटा पडणार.

खोट्या तक्रारीला शिक्षाही जवळपास नाही. तक्रारदाराने नाव बळकावण्यासाठीच तक्रार केली असं पॅनेल निर्णयात लिहू शकतं, पण दंड करू शकत नाही. मोठ्या संस्थेला ती एक अप्रिय ओळ, समोरच्याची मात्र महिनाभराची झोप उडते.

पारवा, तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देते. आधी एक सांगा, २०२० की २०२१ सालच्या मूळ नोंदणीची पावती आणि तेव्हाच्या अटी तुमच्याकडे आहेत का?

तळटीप

उजवीकडचा शब्द म्हणजे पुरावा, हे छानच मांडलंय. पण तो शब्द मुळात कोणाला द्यायचा, या प्रश्नात कायदा याहून जास्त अडखळला आहे.

'.ॲमेझॉन' घ्या. कंपनीकडे अनेक देशांत ट्रेडमार्क होता, २०१२ मध्ये रीतसर अर्ज केला. ब्राझील आणि पेरू म्हणाले, हे आमच्या नदीचं आणि प्रदेशाचं नाव, खासगी कंपनीला मिळू नये. आता नदीच्या नावावर देशाचा अनन्य हक्क सांगणारा आंतरराष्ट्रीय करार दाखवता येत नव्हता, आणि ट्रेडमार्क आहे म्हणून टॉप लेव्हल डोमेन (टिंबाच्या उजवीकडचा शब्द) मिळालंच पाहिजे असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. आयकॅनच्या सरकारी सल्लागार समितीने विरोध केला, मंडळाने २०१४ मध्ये अर्ज फेटाळला. कंपनी स्वतंत्र पुनरावलोकनात गेली आणि २०१७ मध्ये पॅनेलने तिच्या बाजूने कौल दिला: सरकारं म्हणतात एवढ्यावर थांबू नका, कारणं स्वतः तपासा. अखेर २०२० मध्ये ते डोमेन कंपनीकडे आलं. याउलट '.पॅटागोनिया'चा अर्ज अर्जेंटिनाच्या विरोधानंतर २०१३ मध्येच मागे घेतला गेला. दोन्ही भूप्रदेशांची नावं, दोन्ही ट्रेडमार्क, आणि शेवट वेगवेगळे. जो टिकून लढला त्याला मिळालं. मला हे न्यायाचं लक्षण वाटत नाही.

वाइनचं प्रकरणही असंच. '.वाइन' आणि '.व्हिन'ला (वाइनसाठीचा फ्रेंच शब्द) फ्रान्सचा कडवा विरोध होता, कारण भौगोलिक मानांकनांना, म्हणजे विशिष्ट प्रदेशातल्या मालालाच लावता येणाऱ्या नावांना, इथे संरक्षण नव्हतं. यूडीआरपी फक्त ट्रेडमार्क ओळखते. शॅम्पेनच्या उत्पादक संघटनेने 'शॅम्पेन.सीओ'साठी केलेली तक्रार २०११ मध्ये याच मुद्द्यावर फेटाळली गेली होती. शतकानुशतकं जपलेलं नाव, पण 'ट्रेडमार्क कुठाय?' म्हटल्यावर हात रिकामे.

आणखी एक निकाल. दहशतवादाच्या पीडितांना अमेरिकन न्यायालयांनी इराणविरुद्ध भरपाई मंजूर केली होती. वसुलीसाठी त्यांनी थेट '.आयआर' हे देशाचं डोमेनच जप्त करून द्या अशी मागणी केली, सीरिया आणि उत्तर कोरियाच्या डोमेनबद्दलही तशीच. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने नकार दिला. कारण वाचण्यासारखं आहे: त्या डोमेनखाली नावं घेतलेल्या हजारो तिऱ्हाइतांचं आणि एकूणच इंटरनेटच्या व्यवस्थेचं नुकसान होईल. टॉप लेव्हल डोमेन ही मालमत्ता आहे का, याचं उत्तर मात्र न्यायालयाने दिलंच नाही, तेवढ्यापुरतं तसं गृहीत धरून पुढे गेलं.

ओळखपाळख

सगळी चर्चा पैसे आणि भांडणांकडे गेली, म्हणून लिहितो. या विस्ताराने आपल्या लिप्यांना जागा दिली, हे कोणी म्हणणार आहे का? २३ ऑक्टोबर २०१३ ला या फेरीतली पहिली चार एक्स्टेन्शन्स सुरू झाली ती अरबी, सिरिलिक आणि चिनी लिपीतली होती. लॅटिन त्यात एकही नव्हतं. देवनागरीत '.भारत' २०१४ पासून आहे. ज्याला फक्त आपलीच लिपी वाचता येते त्याच्यासाठी पत्ता म्हणजे आजवर न कळणाऱ्या चिन्हांची ओळ होती.

पण लिप्या आल्या की सारखेपणाचा प्रश्न नव्याने येतो, आणि तो कायदेशीरच आहे. लॅटिनमध्ये 'आर' आणि 'एन' चिकटून लिहिले की 'एम' वाटतो, ही फसवणूक जुनी. आपल्याकडे 'ख' आणि 'रव' बघा. 'खडा' आणि 'रवडा' बारीक टायपात पत्त्याच्या पट्टीत लिहून पाहा, मलाही पटकन ओळखता येत नाही. गोंधळ होण्याजोगं सारखेपण कुठल्या टायपात आणि कोणाच्या डोळ्यांनी मोजायचं?

बल्गेरियाला याचा चटका बसला. त्यांनी आपल्या देशाच्या नावाची दोन सिरिलिक अक्षरं मागितली, ती ब्राझीलच्या '.बीआर'सारखी दिसतात म्हणून २०१० मध्ये नाकारली गेली. आपल्याच देशाचं नाव आपल्याच लिपीत लिहायला परवानगी नाही, कारण दूरच्या खंडातल्या दुसऱ्या देशाशी साम्य आहे. पुन्हा पुन्हा मागे लागून २०१४ मध्ये मान्यता मिळाली. एवढं सोसूनही मी म्हणेन, विस्तार व्हायलाच हवा होता.

निवांत

माहितीपूर्ण धागा. एक साधा प्रश्न. माझं आडनाव एका नावाजलेल्या ब्रँडसारखंच आहे. आडनावाचं डोमेन घेतलं तर तेही जाऊ शकतं का?

दुवासाखळी

निवांत, आडनाव हा रास्त हितसंबंध ठरू शकतो, वापर प्रामाणिक असेल तर. 'निस्सान.कॉम' हे उदाहरण प्रसिद्ध आहे. निस्सान आडनावाच्या संगणक व्यावसायिकाने ते १९९४ मध्ये घेतलं, मोटार कंपनीने १९९९ मध्ये दावा लावला, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या खटल्यानंतर नाव त्याच्याकडेच राहिलं. पण निभावणं सोपं नव्हतं. तुम्ही नाव घ्या, स्वतःबद्दलचं काही तिथे ठेवा, ब्रँडशी जुळणाऱ्या मालाच्या जाहिराती त्या पानावर चुकूनही येऊ देऊ नका, आणि कंपनीला विकायचा प्रस्ताव स्वतःहून पाठवू नका. वाईट हेतूचा पुरावा म्हणून तेच ईमेल पहिलं जोडलं जातं. उजवीकडचा शब्दही जपून निवडा. ब्रँड गाड्यांचा असेल तर '.कार्स' घेऊ नका.

ओळखपाळख, 'रवडा' वाचून मी खरोखर स्क्रीन जवळ घेतली. लिप्यांबद्दल तुमच्याशी सहमत.

पारवा

दुवासाखळी ताई, जुन्या ईमेलमधून पावती शोधली. ऑगस्ट २०२० ची आहे. त्यात 'प्रीमियम' हा शब्द कुठेच नाही. नोंदणी १२ डॉलर, कालावधी एक वर्ष, एवढंच. अटींची पीडीएफ सोबत होती, तीही आहे.

दुवासाखळी

मग ऐका, तुमची बाजू चांगली आहे.

नव्या एक्स्टेन्शन्सच्या रजिस्ट्रीवर दर किती ठेवावा याची कमाल मर्यादा नाही. .कॉमला असते, यांना नाही. पण रजिस्ट्रीच्या आयकॅनबरोबरच्या करारात कलम २.१० आहे. त्यात दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. एक, रिन्यूअलचा दर वाढवायचा तर रजिस्ट्रारला साधारणपणे १८० दिवस आधी कळवावं लागतं, आणि त्या मुदतीत जुन्याच दराने दहा वर्षांपर्यंत रिन्यू करायची सोय द्यावी लागते. दोन, रिन्यूअलचा दर सगळ्या नावांना सारखा हवा. एखाद्याच नावाला जास्त दर लावायचा तर नोंदणीच्या वेळीच ते ठळकपणे सांगून नाव घेणाऱ्याची संमती घेतलेली असली पाहिजे. उत्तम नाव पकडून मागून दर चढवता येऊ नये म्हणूनच हे कलम घातलं आहे.

तुमच्या पावतीत प्रीमियम नाही. आता ती पीडीएफ नीट वाचा, रिन्यूअलच्या दराबद्दल वेगळं काही लिहिलंय का बघा. नसेल तर रजिस्ट्रारला लेखी विचारा: हे नाव प्रीमियम गटात कोणत्या तारखेला गेलं, आणि माझी संमती कुठे आहे. फोनवर बोलू नका. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आयकॅनच्या करारपालन विभागाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी लागत नाही. पावती, बिल आणि हा पत्रव्यवहार जोडा. नावाची मुदत कधी संपते?

पारवा

अजून २३ दिवस आहेत. पीडीएफ दोनदा वाचली. सतरा पानांत रिन्यूअलवर एकच वाक्य आहे, 'रिन्यूअल तेव्हाच्या प्रचलित दराने होईल'. विशिष्ट नावाला वेगळा दर, असं काही नाही.

शाईपेन

'प्रचलित दर' म्हणजे सगळ्यांना लागू असलेला दर, असाच अर्थ लावून पत्र लिहा. त्याच एक्स्टेन्शनमधल्या साध्या नावाचा आजचा रिन्यूअल दर त्यांच्याच पानावर असेल, त्याचा स्क्रीनशॉट जोडा. मसुदा मला निरोपातून पाठवलात तर आज रात्री बघून देतो. आणि दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नाव हलवायच्या भानगडीत आत्ता पडू नका, मुदत तोंडावर आली असताना ते अर्ध्यात अडकलं तर आणखी पंचाईत.

पारवा

मसुदा पाठवला आहे. साध्या नावाचा आजचा दर त्यांच्या पानावर १८ डॉलर दिसतोय, तो स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट घेतला. ध्वनिमुद्रणांची एक प्रत आज वेगळ्या डिस्कवरही उतरवून ठेवतोय. रजिस्ट्रारचं उत्तर आलं की इथेच लिहीन.